जुळवलेले बारा तीर

रविवार, २९ एप्रिल १९७३

टेकडीच्या गणपतीला मनातून हात जोडून सुरू करते. मॅट्रिक झाल्यावर घरखर्चाखेरीज काही लिहिले नाही, पण आजपासून घरात आणखी दोन वह्या. एक तिरांची. ती यांनी माझ्या गळ्यात घातली, तिच्यात फक्त आकडे. दुसरी ही, जे आकड्यांत बसत नाही त्यासाठी. जुन्या खातेवह्यांची मागची कोरी पाने काढून दोन्ही शिवल्या.

हे बावीस वर्षे आखाड्याच्या दसऱ्याच्या तिरंदाजीत उतरतात. दोनशे पावलांवर निशाण रोवतात, आखाड्याच्या भाऱ्यातले पाच तीर ज्याचे त्याने उचलायचे, आणि ज्याचे पाच निशाणाच्या सगळ्यांत जवळ पडतील त्याला मानाचा नारळ. सहा वर्षे तो नारळ आमच्या देव्हाऱ्यापुढे फुटला. मागच्या दसऱ्याला हे अकरावे आले. पाचही तीर उजवीकडे गेले. घरी येऊन बांबूचे धनुष्य, त्यांचा कमठा, खुंटीला लावला तो हिवाळाभर काढला नाही. गांधीबागेत कापडाच्या दुकानात जायचे, यायचे, जेवायचे, झोपायचे. नवरा घरात असून घर मुके झाले होते.

आज सकाळी आपण होऊन बोलले. म्हणे भाऱ्यातले तीर भेसळीचे आहेत. कोणता जड, कोणता हलका, कोणता ताठ, कोणता लवणारा. हात कितीही सारखा ठेवा, जो तो आपल्या मनाने जातो. एकसारखे जुळवलेले तीर असले तर लांबच्या माऱ्यात फरक पडलाच पाहिजे. त्यांचे लहानपणापासूनचे जोडीदार मनोहरराव बसले होते, ते हसले.

"देवराव, हात असला त तुराटीनंही निशाण गाठता येते गा."

आखाड्याचे गणपतराव मात्र म्हणाले आहेत की सिद्ध करून दाखवा, वहीत मांडून दाखवा, मग यंदा ज्याला त्याला आपले तीर आणू देऊ. म्हणून ही वही. माझे तिरांशी काही देणेघेणे नाही. कमठा खुंटीवरून उतरला एवढे मला पुरे.

रविवार, ६ मे

कवडू बुरूड तीस काड्या घेऊन आला. शेजारच्या कृष्णकांत सोनारांचा लहान तराजू मागून आणला. एकेक काडी गुंजांनी तोलली. मग लांबी. मग दोन विटांवर काडी आडवी ठेवून मधोमध पावशेराचे वजन टांगायचे आणि किती लवते ते सुतळीने मोजायचे. तिन्ही मापे जुळली तर ठेवायची, नाहीतर बाजूला. यांना वाटले मी कंटाळेन. मला तर तांदूळ निवडल्यासारखे वाटले, हात चालतो आणि मन शांत राहते.

कवडू दारात बसून पाहत होता. म्हणाला, "बाई, तिरायची सोयरीक जुळवून राहिल्या का? छत्तीसच्या छत्तीस गुण?"

मी म्हटले, माणसांचे जुळत नाहीत, तिरांचे तरी जुळू दे. हे हसले. सात महिन्यांनी हसले.

तिसातून बारा निघाले. पिसे आणि टोके कवडू सारख्या वजनाची बसवून देणार. उरलेल्या अठरा काड्या घेवड्याच्या वेलाला होतील.

रविवार, १३ मे

पहाटे सायकलवर मागे बसून बेसा गाठले. गावाबाहेर मोकळे रान आहे, उजव्या अंगाला एक चुन्याच्या काठाची विहीर. निशाणापाशी मी. हे सोडत असताना मी विहिरीच्या काठामागे बसायचे, सोडून झाले की सुतळी घेऊन मोजायचे. सुतळीला हाताहातावर गाठी मारल्या आहेत. एक लक्षात ठेवावे लागते, त्यांची उजवी ती माझी डावी. वहीत त्यांची लिहायची असे ठरले.

भाऱ्यातले बारा: पसारा, म्हणजे टोकाच्या दोन तिरांतले अंतर, बावीस हात. एक तर पार ज्वारीच्या धसकटात.

जुळवलेले बारा: पसारा नऊ हात.

मी तिथूनच दोन्ही हात वर करून सांगितले. हे एवढ्या लांबून धावत आले. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस रानातून धावत येतो! नऊ हात, नऊ हात, असे दोनदा म्हणाले. नऊ हातांत बारा तीर म्हणजे अर्ध्या लुगड्याच्या लांबीत सगळे.

जुळवलेले सगळे निशाणाच्या दोन हात उजवीकडे होते. यांनी सांगितले वारा होता. मला जाणवला नाही, पण मी काठाच्या आड होते.

मंगळवार, २२ मे

टेकडीला जाऊन आले. घरी आल्यावर एक गंमत. जेवताना हे म्हणाले, आज चटणी नाही का वाढली. ताटात डाव्या बाजूला जवसाची चटणी, लिंबू, कोशिंबीर सगळे जागच्या जागी. मी बोटाने दाखवले तर ओशाळले. गेले काही दिवस डावी बाजू तशीच राहते आहे. उन्हाळ्याने तोंडाची चव गेली असेल. टाकून द्यायचे जिवावर येते, मीच खाते.

रविवार, १० जून

जाताना एक बैलगाडी अंगावर आली. डावीकडच्या पांदणीतून येत होती, चांगला घुंगरांचा आवाज, तरी यांनी सायकल थांबवली नाही. मी उडी मारली म्हणून वाचले. गाडीवाल्याने शिव्या दिल्या. मीही त्याला ऐकवले, रस्ता काय तुमच्या एकट्याचा आहे.

जुळवलेले: पसारा नऊ हात. उजवीकडे पाच.

पसारा तोच राहिला म्हणजे तीर खरे आहेत, हे यांचे म्हणणे मला पटते. पण सगळी बारा भावंडे एका ठिकाणी आणि निशाण दुसरीकडे, हे पाहून ते एकेक तीर उपटून डोळ्याशी धरून पाहू लागले.

रविवार, २२ जुलै

पावसाने महिनाभर रान चिखल झाले होते. आज उघडीप.

पसारा दहा. उजवीकडे आठ. शिवाय निशाणाच्या अलीकडेच पडतात. एकदा कमठाच डाव्या हातातून निसटला. घामाने, म्हणाले.

घरी येऊन पुन्हा सगळे तीर तोलायला लावले. ओल धरली असेल, म्हणे. तोलले. एका गुंजेचाही फरक नाही. मी तसे सांगितले तर माझ्यावरच चिडले, की तुझे तोलणे चुकते. लग्नाला सव्वीस वर्षे झाली, माझे तोलणे चुकते असे हे कधी म्हणाले नव्हते. मग तिसऱ्यांदा तोलले. फरक नाही.

मंगळवार, ३१ जुलै

टेकडीवर गणपतीपुढे बराच वेळ बसले. एवढेच मागितले की देवा, तिरांत दोष नसू दे. यांनी गणपतरावांना शब्द दिला आहे. पुन्हा दसऱ्याला मान खाली घालून यायला लागले तर कमठा खुंटीला जाईल आणि माणूसही. एकवीस मंगळवार बोलले.

ताटाचे सांगायचे राहिले. आता मी चटणी-लिंबू उजवीकडेच वाढते. सासूबाई असत्या तर असे ताट पाहून उठून गेल्या असत्या. पण उजवीकडे वाढले की खातात.

रविवार, ५ ऑगस्ट

जे केले ते इथे लिहिते, तिरांच्या वहीत लिहिता येत नाही.

निशाण मीच रोवते. हे तिकडे दोनशे पावलांवर कमठ्याला दोर चढवत होते. मी निशाण जुन्या भोकातून उपटले आणि सहा हात त्यांच्या उजवीकडे नेऊन रोवले. एवढेच. विहिरीमागे जाऊन बसले आणि पदर तोंडाशी धरून जप केला.

पसारा दहा. उजवीकडे तीन, असे वहीत लिहिले. मी हात हलवला, लागले म्हणून. हे आले, तिरांमधून फिरले, एकेका तिराला हात लावला. परत येताना सायकलवर अभंग गुणगुणत होते.

घरखर्चात मी कधी खोटा आकडा लिहिलेला नाही. दसऱ्यापर्यंत हात बसेल, मग निशाण हळूहळू मूळ जागी आणीन असे ठरवले आहे. देव माझे मन जाणतो.

रविवार, १२ ऑगस्ट

निशाण नऊ हात सरकवले. वहीत: उजवीकडे दोन. हे खूश. येताना डाव्या पायातली वहाण रस्त्यात कुठे पडली ते यांना घरी येईपर्यंत कळले नाही. एवढे आनंदात होते.

रविवार, १९ ऑगस्ट

तेरा हात. वहीत: उजवीकडे तीन.

दाढी केली तर डावा गाल अर्धा तसाच. मी म्हटले आरसा बदलायला झाला आहे. आज मनोहरराव येऊन वही पाहून गेले. पुढच्या रविवारी स्वतः बेशाला येतो म्हणाले.

रविवार, २६ ऑगस्ट

मनोहरराव आपल्या सायकलवर आले. मी त्यांच्या आधी निशाणापाशी पोचायला पाहत होते, पण ते माझ्याबरोबरच चालत आले. त्यांच्यासमोर सरकवायचे कसे? जुन्या भोकातच रोवले.

बारा तीर. पसारा अकरा हात. निशाणापासून उजवीकडे सतरा.

मनोहरराव हसतील, तुराटीचे बोलतील, असे वाटले होते. ते तिरांपासून निशाणापर्यंत चालत आले आणि वाटेत वाकून पाहू लागले. ओल्या मातीत माझी तीन भोके होती, एकापुढे एक. सहावर, नऊवर, तेरावर. त्यांनी भोकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. वही मागितली. उभ्या उभ्या पहिल्या पानापासून वाचली.

"वहिनी, तीर चांगले जुळले," म्हणाले. "भाऱ्यातल्या तिरानं मारलं असतं त कोणाले काही समजलंच नसतं. एक इकडं गेला असता, एक तिकडं. आता तीर सारे एकसारखे, त जे बदलून राहिलं ते तीर नाही."

मी म्हटले, मग काय?

त्यांनी दूर उभ्या माणसाकडे पाहिले. हे डाव्या हाताची बोटे उजव्या हाताने चोळत होते.

"जेवतो का बरोबर?" त्यांनी विचारले.

मी ताटाचे सांगितले. मग बैलगाडीचे, वहाणेचे, गालाचे. सांगता सांगता मला माझेच बोलणे ऐकू येऊ लागले. सगळे डावीकडचे. एकेक करून लिहिले तेव्हा दिसले नव्हते, एका दमात बोलले तेव्हा दिसले. मी तिथेच ढेकळावर बसले.

मग मनोहरराव जाऊन यांना एवढेच म्हणाले, "देवराव, उद्या दुकानात सुट्टी सांग. मले रामदासपेठेत एका डॉक्टरकडं जायचं आहे, सोबत ये गा."

गुरुवार, ३० ऑगस्ट

पोळ्यामुळे तीन दिवस गेले, आज दाखवले. डॉक्टरांनी यांना रेघ ओढून दिली आणि म्हणाले मधोमध खूण करा. यांनी खूण केली ती रेघेच्या उजव्या टोकाजवळ. घड्याळ काढा म्हणाले. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसवले. आणि कागद परत देताना बरोबर आहे ना, असे लहान मुलासारखे पाहत होते.

मग यांना बाहेर बसवले आणि मला विचारले, कधीपासून. मी तिरांची वही पुढे केली. डॉक्टर आधी वैतागले, मग वाचत गेले. तिरांची वही कुणी अशी वाचेल असे वाटले नव्हते. एका जागी बोट ठेवून म्हणाले, हे ऑगस्टचे तीन रविवार बरे दिसतात, मध्ये सुधारणा होती का?

सांगावे लागले. निशाण मी सरकवले होते म्हणून. सहा, नऊ, तेरा. त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीने बेरीज केली आणि म्हणाले, "म्हणजे मध्ये सुधारणा नाहीच. सारखे वाढतच आले आहे."

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ असावी, म्हणाले. उजवीकडची गाठ डावीकडचे सगळे पुसत जाते. हात, पाय, नजर.

मी विचारले, तीन आठवडे आधी आणले असते तर?

"तुम्ही वही ठेवलीत म्हणून मला इतके तरी कळले," असे म्हणाले. मला हिशेब कळतो. हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

रविवार, ९ सप्टेंबर

दवाखाना. वर्ध्याहून लेक शोभा आली आहे, ती आज चहाला खाली गेली तेव्हा आम्ही दोघेच होतो. मंगळवारी ऑपरेशन. डोके भादरल्यावर हे फार लहान दिसतात.

मी त्यांच्या उजव्या बाजूला बसते. डावीकडे बसले तर मी आहे हे त्यांना कळत नाही.

आज पाय धरून सांगितले. निशाणाचे. सगळे. रडू नये असे ठरवले होते.

हे म्हणाले, "मले माहीत होतं."

कसे, म्हटले.

"विहीर काय चालून राहिली होती वं? दर आइतवारी निशाण विहिरीच्या जवळ येऊन राहिलं होतं. बावीस वर्षं झाली मले निशाण पाहून."

"मग तेव्हा काहून नाही बोलले?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले झोप लागली.

"तू तितक्या दुरून हात हलवून सांगे, लागले म्हणून," म्हणाले. "मले ते पाह्याचं होतं."

म्हणजे तीन रविवार मी त्यांच्यासाठी निशाण सरकवत होते आणि ते माझ्यासाठी त्या निशाणावर तीर सोडत होते. आणि त्या तीन रविवारांत दोघांपैकी एकानेही डॉक्टरचे नाव काढले नाही.

मग म्हणाले, तीर कुठे आहेत? घरी, कोरडे, फडक्यात गुंडाळून, असे सांगितले. ओल लागू देऊ नको म्हणाले.

मंगळवार, ११ सप्टेंबर

सकाळी आठला आत नेले. दुपारी तीनला बाहेर. अजून डोळे उघडलेले नाहीत. आजचा मंगळवार सातवा, टेकडीला जाता आले नाही. मनोहरराव माझ्या वाटचे जाऊन आले.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

हे गेल्या चौदा तारखेला गेले. डोळे उघडले नाहीत. परवा तेरवी झाली, काल शोभा वर्ध्याला गेली.

आज पहिल्यांदा एकटीचे ताट वाढून घेतले. चटणी हातून उजवीकडेच वाढली गेली. उचलून डावीकडे ठेवली. मग जेवलेच नाही.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

गणपतरावांचा निरोप घेऊन मनोहरराव आले. परवा दसरा. वही आणि बारा तीर आखाड्यापुढे मांडावेत, देवरावांचा शब्द होता. मला तर आता बाहेर पडता येत नाही. तीर मनोहरराव सोडतील.

मी म्हटले, तुमचा तर विश्वास नव्हता. ते खाली पाहत म्हणाले, "हात कोणाचाही असो वहिनी, तीर त देवरावचे आहेत."

वही लगेच दिली नाही, संध्याकाळी या म्हटले. ते गेल्यावर शाई घेऊन बसले. ५ ऑगस्ट, उजवीकडे तीन हे खोडून नऊ लिहिले. १२ ऑगस्ट, दोन खोडून अकरा. १९ ऑगस्ट, तीन खोडून सोळा. प्रत्येक खोडलेल्या आकड्यापुढे माझी सही केली. आखाड्यात चार माणसे पाहतील, विचारतील ही कसली खोडाखोड. विचारू दे. खोटा आकडा या घरातून बाहेर जाणार नाही.

मग तीर फडक्यातून काढले, कृष्णकांतांचा तराजू मागून आणला आणि एकेक तोलला. सगळे तेवढेच.

शनिवार, ६ ऑक्टोबर. विजयादशमी.

दाराशी तोरण नाही. दुपार टळल्यावर मनोहरराव आले, आपट्याची पाने हातात होती ती मला द्यावीत की नाही ते त्यांना कळेना. मीच हात पुढे केला. त्यांनी वही परत आणली, आणि बाराही तीर, पुसून.

भाऱ्यातले बारा: पसारा वीस हात. जुळवलेले बारा: पसारा सात. निशाण बरोबर मधोमध. उजवीकडे काही नाही, डावीकडे काही नाही. गणपतरावांनी स्वतः सुतळी धरली आणि सगळ्यांपुढे सांगितले की पुढच्या दसऱ्यापासून ज्याने त्याने आपले तीर आणावे. देवरावांचे म्हणणे खरे ठरले, असे आखाड्याच्या वहीत लिहिले आहे. खोडाखोडीबद्दल कोणी विचारले नाही.

मनोहरराव गेल्यावर आकडे वहीत उतरवले आणि खाली रेघ मारली.

एकवीस मंगळवार बोलले होते, त्यांतले चौदा अजून राहिले आहेत. ते करीन, बोललेले फेडायचे असते. देवा, तिरांत दोष नसू दे, एवढेच मी मागितले होते. त्याने ते ऐकले. गुंजेचाही दोष नव्हता. ते दोनशे पावलांवर उभे होते, डावा हात चोळत, आणि मला दुसरे काही मागायचे सुचले नाही.